डावा कौल

"देवानं डावा दिला गो! आता मुंबई नाय."

गाभाऱ्यातून आलेला बाबांचा तो आवाज आठवत अपेक्षा टॅबलेटवर फुलाला लाल रंग भरत होती. रोह्याजवळच्या त्यांच्या गावात मोठ्या कामाआधी देवाला कौल लावत. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओलं फूल चिकटवायचा. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. तिला चित्रकलेच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हाही कौल लावला होता. नेमका कावळा शिवलेला, म्हणून ती पायरीखाली उभी. फूल तिनं पाहिलंच नाही, ऐकलं तेवढं.

चित्रात देव डोंगराएवढा होता. कुंडलिका नदी त्याच्या पायाशी उठून उभी राहिलेली, आभाळात चढलेली. पाण्यावरून गाडी निघालेली आणि खिडकीखिडकीत अपेक्षाच: एकीत केस कापलेली, एकीत पिकलेल्या केसांची, एकीत हातात ब्रशांचा जुडगा घेतलेली. खाली पायरीवर एक अपेक्षा मागे राहिलेली. देवाच्या डाव्या खांद्यावरून होडीएवढी जास्वंद गळत होती, उजव्या खांद्यावरची तशीच चिकटलेली. डोळे अजून कुणालाच नव्हते. हमरापूरच्या कारखान्यात गणपतींच्या डोळ्यांची आखणी करून हाताला तीच सवय लागली होती, डोळे सगळ्यात शेवटी.

चित्र उद्या मुंबईच्या प्रदर्शनाला जायचं होतं.

"आई, बघ ना तुझा देव."

नवरा गुणाजी वारल्यापासून मालू लेकीकडेच, पेणला रामवाडीत राहायची. वालाच्या डाळिंब्या सोलता सोलता ती वाकली.

"अगो बाय! ही गाडी पाण्यावरनं चालली? तिकीट कोण तपासील हिच्यात, मासे?"

"स्वप्नातली गाडी आहे गं."

"मंग बरंय. बसायला जागा तरी गावली सगळ्यांना." मालू हसली. मग तिची नजर फुलावर गेली आणि हसू ओठांवरच सुकलं. "डोळे कवा काढणार?"

"आता. तेवढंच राहिलंय." अपेक्षानं पेन्सिल उचलली. "बाबांवर मी कधी रागावले नाही, आई. देवानंच नको म्हटल्यावर ते तरी काय करणार? तेवढ्यावरच तर निभावलं मी."

मालूनं पदराला हात पुसला. वालाच्या वासाचं बोट तिनं काचेवर टेकवलं. जास्वंद हलली. तिनं ती हळूहळू वर नेली आणि देवाच्या डाव्या खांद्यावर ठेवली.

"अगं, हात नको लावू! सरकलं ना ते!" अपेक्षानं फूल पुन्हा खाली आणलं.

मालूनं ते पुन्हा वर ठेवलं.

"तितंच ऱ्हाऊदे."

मग तेच बोट देवाच्या उजव्या खांद्यावर गेलं. तिथलं फूल तिनं ओढलं, पार पायरीपर्यंत, त्या मागे राहिलेल्या मुलीच्या पुढ्यात.

पंखा फिरत होता. अपेक्षानं आईच्या तोंडाकडे पाहिलं. मालू मात्र चित्रातल्या बिनडोळ्यांच्या पोरीकडेच बघत होती.

"आई?"

"गुरवानं मान खाली घातली," मालू म्हणाली. "तुझ्या बाबानं माझ्याकडं बघितलं. आपली येकुलती येक, गेली की परत नाय यायची, येवढंच व्हतं त्याच्या डोळ्यांत. तो बोलला नाय काय. मीच मान हलवली, मंग त्यानं तुला हाळी दिली."

अपेक्षाच्या हातातली पेन्सिल खाली आली नाही.

"उजवंच पडलं व्हतं गो."