कुंकवाची गठाण

राग येईन नाही तं काय होईन? शंभर गठाणी कापूस जपानले पाठवला, अन् मुंबईच्या बँकेतल्या बाबूनं कागद माह्या अंगावर परत टाकले.

सौदा सरळ होता. घेनार कोबे बंदरातला व्यापारी, देनार मी, मलकापूरचा रंगराव, कापसाच्या गठाणी दाबाच्या प्रेसवाला. ना त्यानं मले पाह्यलं, ना म्या त्याले. म्हनून मधात बँक. त्याच्या बँकेनं लिहून देल्लं होतं, गठाणी बोटीत चढल्याची बिनडागी पावती दाखवा अन् मुंबईतच पैसे घ्या. त्या पैशावर मले पुढचा कापूस घ्याचा होता. आवारात गाड्या उभ्या होत्या, पैसे नाही भेटले तं त्या दुसऱ्याच्या दारात गेल्या असत्या.

आमच्या इथं माल परमुलखात निघाला का घरच्या लक्ष्मीनं पहिल्या गठाणीले हळद-कुंकू वाहाचं, नारळ फोडाचं. माह्या बायकोनं, अन्नपूर्णाबाईनं, तेच केलं. बोटीवरच्या गोऱ्यानं पावतीवर लिहिलं, 'एक गठाण डागी.'

"कुंकू हाय ते," म्या बाबूले सांगतलं. "वरच्या तागाले लागलं. आतमधी कापूस पांढराशुभ्र हाय."

"बँक कापूस पाहत नाही, कागद पाहते," बाबू म्हने. "त्या व्यापाऱ्याची तारेनं संमती आणा."

नागपुरात लाटसाहेबाकडे अर्ज करतो म्हनलो, तं बाबू हासला. काय करता? तार केली. तेवढ्यात कापसाचा भाव पडला होता, अन् त्या लबाडाले निमित्तच पाह्यजे होतं. जबाब आला, रुपयामागं दोन आणे सोडा, तं घेतो. माल समुद्रात, गाड्या दारात. म्या मुकाट्यानं सही केली.

मंग घरी येऊन वड्याचं तेल वांग्यावर काढलं. आवारात, गाडीवाल्यायच्या देखत, बायकोले म्हनलो, "तुह्या कुंकवानं बुडवलं मले."

ते सारे जाऊ देले तिनं. मंग म्हने, "डाग एकाच गठाणीले होता ना?"

"हाव."

"मंग नव्याण्णवाचे पैसे काऊन सोडले तुमी?"

दोन दिवस मी त्या बँकेत उभा होतो. हे एकदाही इचारलं नाही. बाबूसमोर त्या नव्याण्णवासाठी तोंड उघडलं नाही, अन् चारचौघात उघडलं ते तिच्यावर.