तीनशे बारा वजनं

"सगळी वजनं पन्नासावर नाहीतर शंभरावरच कशी संपतात, सिस्टर?" चौकशी समितीच्या अध्यक्षांनी चष्मा काढून विचारलं. "दोन हजार आठशे सदतीस ग्रॅमचं एकही बाळ जन्मलं नाही?"

"जन्मलं असेल. आमच्या काट्याला ते कळत नव्हतं," सिस्टर म्हणाल्या.

प्रसूती विभागात त्यांची एकोणतीस वर्षं गेली होती. दोनदा वजन केल्याशिवाय त्या नोंद करू द्यायच्या नाहीत, म्हणून नव्या नर्स मागून त्यांना 'पुन्हा मोज' म्हणायच्या. जन्मल्याबरोबर बाळ आईच्या छातीवर ठेवलं, तर पहिल्या आठवड्यात त्याचं वजन कमी घटतं, हे त्यांच्याच नजरेत आलं. त्यांनी तीनशे बारा बाळांची वजनं उतरवून काढली, विभागातल्या डॉक्टरांनी ती लेखात मांडली, आणि लेख छापून आला. पहिलं नाव सिस्टरचं होतं.

घोळ एका वाक्याचा होता. 'वजने इलेक्ट्रॉनिक काट्यावर केली' हे वाक्य डॉक्टरांनी आपल्या जुन्या लेखातून उचलून घातलं होतं. विभागात तेव्हा गोल तबकडीचा काटा होता, पन्नास-पन्नास ग्रॅमच्या रेघांचा. छापण्याआधी सिस्टरनी लेख वाचला होता, पण स्वतःचं नाव पाहण्याच्या नादात ते वाक्य निसटलं. आता तो काटा भंगारात गेला होता आणि वजनांच्या मूळ रजिस्टरचा गळक्या कोठीत लगदा झाला होता. समितीने निष्कर्ष काढला: आकडे मनाने रचलेले आहेत.

डॉक्टरांनी समितीपुढे, आपण सिस्टरच्या आकड्यांवर विसंबलो, एवढंच सांगितलं. बाहेर आल्यावर मात्र ते समजुतीचं बोलले. निवृत्तीला चौदा महिने उरलेत, ताकीद देऊन सोडतील, निष्कर्ष मान्य म्हणून सही करून मोकळ्या व्हा.

"वाक्य चुकलं. ते मी नीट वाचलं नाही, ही माझी चूक. ती हवी तिथे लिहून देते," सिस्टर म्हणाल्या. "पण वजनं मी रचलेली नाहीत, डॉक्टर. तुम्हीही ते जाणता."

डॉक्टर खिशात किल्ल्या चाचपत राहिले.

अपिलाला दोन महिने होते. घरी जाताना प्रत्येक आईला वजनाचं कार्ड मिळायचं, तेवढाच पुरावा उरला होता. सिस्टरनी साठलेली सगळी रजा टाकली. नवरा शिंपी, त्याने शिवणाचं मशीन झाकलं आणि सिस्टरनी वजनांबरोबर उतरवून ठेवलेल्या पत्त्यांची गल्लीवार यादी केली. दोघं दारोदार फिरले. कुणी घर बदललेलं, कुणी कार्ड हरवलेलं. एका बाईने दार उघडं ठेवूनच सांगितलं, की चौकशीच्या भानगडीत आम्हाला ओढू नका. तिसऱ्या मजल्यावरच्या एका आईने मात्र कपाटातून कार्ड काढलं, वर चहाही केला.

"हे तुमचं अक्षर नाही," ती म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी रजेवर होतात. दुसऱ्या सिस्टरनी लिहिलंय."

सिस्टरनी कार्ड उजेडात धरलं. दोन हजार नऊशे पन्नास. अक्षर परकं, आकडा त्यांच्या यादीतलाच.

एकशे त्रेचाळीस कार्डं जमली. निम्म्याहून अधिक दुसऱ्यांच्या हातची होती, आणि सगळे आकडे पन्नासावर किंवा शंभरावर संपणारे. दोन कार्डं यादीशी जुळत नव्हती. ती सिस्टरनी गठ्ठ्यात सगळ्यांत वर ठेवली.

"ती कशाला?" नवरा म्हणाला. "त्यांना आयतं निमित्त मिळेल."

"लपवली, तर ते म्हणतात तशीच मी ठरेन."

निकाल पाच आठवड्यांनी आला. 'रचलेले' हा शब्द काढून 'पडताळता न येणारे' असं घातलं होतं. गैरवर्तनाचा ठपका कायम होता आणि लेख मागे घेतला जाणार होता. जुळत नसलेल्या दोन कार्डांना अख्खा परिच्छेद दिला होता, जुळणाऱ्या एकशे एकेचाळीसांना अर्धी ओळ.

कार्यालयातल्या कारकून बाईंनी कागद पुढे सरकवला. "निर्णय मान्य" या छापील शब्दांखाली सही करायची होती. सिस्टरनी ते शब्द एका सरळ रेघेने खोडले, वर 'मान्य नाही' लिहिलं, खाली पूर्ण सही केली.

"इथे असं लिहायची सोय नाही हो, सिस्टर," कारकून बाई म्हणाल्या.

"म्हणून जागा केली. माझ्या प्रतीवर पोचल्याचा शिक्का द्या."

बाईंनी आतल्या दाराकडे एकदा पाहिलं आणि शिक्का मारला. शाई ओली होती. घडी घातली तर तारीख फिसकटली असती, म्हणून कागद दोन्ही हातांत आडवा धरून सिस्टर जिना उतरल्या. दुपारच्या पाळीला अजून वीस मिनिटं होती.