दहापैकी एक

दत्ताराम साळवींनी आयुष्यात कुणाला दहापैकी सहाच्या वर मार्क दिले नव्हते. बँकेतून निवृत्त झाले, लालबाग सोडून मीरा रोडला राहायला आले, तरी गणपतीतल्या एकांकिका स्पर्धांची परीक्षकगिरी अंगातून गेली नाही. स्पर्धा सुटल्यावर ते रविवारी जेवण झालं की टीव्हीवर जुने सिनेमे लावून बसू लागले आणि कधीच वर गेलेल्या नटांनाही सोडेनासे झाले. "रडतोय की शिंकतोय, कळत नाही. चार." शेजारी मेथी निवडत बसलेल्या मनोरमाबाई हसायच्या. नवरा वाईट नव्हता, जीभ तेवढी तिखट होती.

त्या रविवारी नातीनं, क्षितिजानं, फोनवरून एक काळापांढरा मराठी सिनेमा टीव्हीवर लावला. नाव पडद्यावर आलं आणि मनोरमाबाईंच्या हातातली जुडी हातातच राहिली. चौपन्न वर्षांपूर्वी या सिनेमाचं शूटिंग रोह्याजवळ, त्यांच्याच गावात झालं होतं. लग्नाच्या प्रसंगात गावातल्या पोरी उभ्या केल्या होत्या आणि सतरा वर्षांच्या मनोरमाला चक्क एक वाक्य मिळालं होतं. पुढे साळव्यांचं स्थळ आलं तेव्हा वडिलांनी बजावलं, सिनेमाचं नाव काढायचं नाही, जमलेलं मोडेल. तिनं काढलं नाही. वडील गेले, ती भीती गेली, पण तोवर नवऱ्याच्या मार्कांची भीती बसली होती. ते एक वाक्य त्यांनी जिवापाड जपलं होतं. त्याची थट्टा त्यांना सोसली नसती.

"अहो, दुसरा लावूया का? हा रटाळ आहे."

"न बघताच? बस गं, बघू दे."

लग्नाचा प्रसंग आला. मांडवाच्या दाराशी उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "नवरी आली गं, वाट सोडा," आणि म्हणता म्हणता तिनं बाजूला कुठेतरी बघितलं.

"ही बघ," दत्ताराम म्हणाले. "वाक्य इकडे, डोळे तिकडे. दहापैकी एक. तोही साडी नीट नेसलीय म्हणून."

मनोरमाबाईंना गप्प बसणं सोपं होतं, त्याची सवयच होती. पण ते डोळे कुठे गेले होते, हे त्यांच्याशिवाय आता जगात कुणाला ठाऊक नव्हतं.

"तिकडे आई उभी होती," त्या म्हणाल्या. "कॅमेऱ्याच्या बाजूला. पदर सावर म्हणून खुणावत होती. ती मुलगी मी आहे."

क्षितिजानं सिनेमा थांबवला. दत्ताराम बायकोकडे वळले.

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही मार्क दिले असते."

दत्तारामांनी चष्मा सदऱ्याला पुसला, स्टूल ओढून टीव्हीच्या अगदी जवळ बसले आणि नातीला म्हणाले, "मागे घे जरा."

मुलगी पुन्हा बोलली, पुन्हा तिनं बाजूला बघितलं. सासूबाई लग्नाआधीच वारल्या होत्या, दत्तारामांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्या नजरेच्या टोकाला कुठेतरी त्या उभ्या होत्या.

तीनदा बघून झालं तेव्हा क्षितिजानं विचारलं, "मग आबा, आता किती?"

"स्पर्धेत घरचं माणूस उतरलं की परीक्षकानं पेन खाली ठेवायचं असतं," ते म्हणाले. "मी नुसता बघतोय. पुन्हा लाव."