परसातले निळे पिंप

मी एक जुने निळे पिंप आहे. मित्रांनो, मला पाहून तुम्ही नाकच मुरडाल. माझा रंग उडाला आहे, काठ एका बाजूला चिरला आहे आणि अंगभर भोके आहेत. ही भोके मोडतोडीची नाहीत. ती मुद्दाम पाडलेली आहेत आणि माझे खरे आयुष्य त्यांच्यापासूनच सुरू झाले.

त्याआधी मी एका कारखान्यात पातळ साबण पोटात घेऊन उभे असे. साबण संपला तशी माझी रवानगी भंगारात झाली. तिथून मला ताईंनी उचलून आणले. ताई आणि त्यांची धाकटी बहीण, अशा दोघीच एका बैठ्या घरात राहत. धाकटी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात कामाला जाई. घर आणि परस ताईंच्या हाती. त्यांनी शेजारच्या सुताराकडून मला भोके पाडून घेतली, विटांवर बसवले आणि तळाशी नारळाच्या शेंड्या अंथरल्या.

"आता पोटभर खा," त्या मला म्हणाल्या, "आणि आम्हालाही घाल."

मी खरोखर पोटभर खाल्ले. भाज्यांची देठे, केळ्यांच्या साली, आंबून गेलेले ताक, वाळका पाला. आमच्याकडे पाऊस एकदा बसला की उठायचे नाव घेत नाही. म्हणून ओला कचरा टाकला की ताई त्यावर लगेच सुका पाला पसरत आणि माझ्या तोंडावर पत्रा तिरका ठेवत. माझ्या पोटात गांडुळे सुखाने नांदत. माझे काळे, भुसभुशीत खत वाफ्यांत जाई. मुळे कुजू नयेत म्हणून ते वाफे उंच बांधलेले होते. मांडवावरून दोडकी आणि पडवळ लोंबत. कोणी ताईंच्या भेंडीचे कौतुक केले, की ताई माझ्याकडे बोट दाखवत. तेव्हा मला फार बरे वाटे.

धुण्याभांड्यांसाठी त्या घरी एक मावशी येत. ताईंसारख्याच उतारवयाच्या, अंगाने काटक, बोलायला तुटक. काम आटोपले तरी त्यांचा पाय परसातून निघत नसे. वेल कुठून चढवायचा यावरून दोघींची रोज जुंपायची आणि रोज दोघी एकाच पायरीवर बसून चहा प्यायच्या. मावशी दुसऱ्या घरांतला चहाचा चोथा आणि कांद्याची टरफले एका डब्यात जमवत आणि माझ्यासाठी घेऊन येत.

मग एके दिवशी सालींबरोबर माझ्या पोटात एक चमचा आला. मला वाटले, चुकून पडला असेल. पुढे चष्मा आला. धाकटीची शिवणाची कात्री आली. ताई शांतपणे येत, हातातले माझ्यात टाकत, वर सुका पाला पसरत आणि निघून जात. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हरवले होते. घरात ते कोणाच्या लक्षात येण्याआधी मला कळले, पण मला तोंड असले तरी जीभ कुठे आहे?

शेवटी वाटी आली. चांदीची, लहानशी. त्यांच्या आईने दोन्ही मुलींना पहिला घास त्याच वाटीतून भरवला होता.

घरात शोधाशोध झाली. धाकटीने कपाटे उपसली. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मावशी भांडी विसळत होत्या.

"घरात तिसरं माणूस तूच येतेस," ताई म्हणाल्या.

मावशींनी हातातले पातेले खाली ठेवले. धाकटी मध्ये पडली नाही. कात्री, चष्मा, चमचा, सगळे आठवून तिलाही क्षणभर शंका आली असावी. मावशींनी हात पुसले, आपली पिशवी आणली आणि पायरीवर उलटी केली. तिच्यातून फक्त तो डबा पडला. मावशींनी तो उघडला, नेहमीसारखा चोथा माझ्यात रिकामा केला, डबा झटकला आणि त्या फाटकाबाहेर पडल्या. त्यांनी टाकलेल्या चोथ्याखाली दोन बोटांवर ती वाटी पडलेली होती.

त्यानंतर माझे दिवस फिरले. ताई सुका पाला टाकायला विसरू लागल्या, पत्राही बाजूलाच राहू लागला. पावसाचे पाणी माझ्यात भरले. भोके चिखलाने बुजली, गांडुळे गुदमरली, मला घाण वास सुटला. शेजाऱ्यांनी कुरकुर केली, तेव्हा धाकटीने सुटीच्या दिवशी मला आडवे केले.

काळा चिखल वाहत आला. त्यात चमचा निघाला. मग कात्री. मग चष्मा, एक काडी मोडलेला. वाटी हाताला लागली तेव्हा ती चिखलातच खाली बसली. तिने घराकडे पाहिले. आत ताई रिकाम्या चुलीवर झाकण ठेवत होत्या. चोर कोणी नव्हता आणि ताई बऱ्या नव्हत्या, या दोन्ही गोष्टी धाकटीला एकाच वेळी कळल्या. पदर तोंडाशी धरून ती किती तरी वेळ रडली.

त्याच संध्याकाळी ती मावशींच्या घरी जाऊन आली. परत आल्यावर पायरीवर बसून ताईंना सगळे सांगत होती. मावशींनी तिला बसासुद्धा म्हटले नाही, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तुम्ही आलात, बरं केलंत. पण ज्यांनी म्हटलं, त्यांनीच परत घ्यावं." ताई ऐकत होत्या, पण ती गोष्ट जणू दुसऱ्याच कोणाची होती.

पुढे एका सकाळी मावशी आपण होऊन आल्या. फाटकाशीच थांबल्या. मनातले सगळे आज बोलून टाकायचे आणि ताईंना ते बोल परत घ्यायला लावायचे, असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. ताई मांडवाखाली होत्या. त्यांनी वळून पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, होतीस कुठे इतके दिवस? दोडकी बघ कशी जून झाली. मला एकटीला नाही जमत."

मावशींनी धाकटीकडे पाहिले. धाकटीने मान खाली घातली. जे वाक्य ऐकायला मावशी आल्या होत्या, ते म्हणणारे माणूस आता त्या घरात उरलेच नव्हते.  शेवटी मावशींनी पदर खोचला आणि दोडकी तोडायला घेतली. त्यांची पाठ माझ्याकडे होती. 

त्यानंतर मावशी येत राहिल्या, ताई असेपर्यंत. त्या परसात बसत, ताईंच्या हातात हात देऊन त्यांना वाफ्यांमधून फिरवत. पण त्या घराचा उंबरा मात्र त्यांनी पुन्हा कधी ओलांडला नाही. धाकटीने पुष्कळ विनवले, तेव्हा एवढेच म्हणाल्या, "राग नाही हो. पाऊलच उचलत नाही."

आता ताई नाहीत. मांडव मोडला आहे. धाकटी सुटीच्या दिवशी परसात येऊन एखादा वाफा खणते, तेवढेच.

मित्रांनो, मला कोरडा पाला द्या, पाण्यापासून जपा, मी तुम्हाला माती देईन. हे मागणे साधे आहे. पण माझे आणखी एक मागणे आहे. घरात काही हरवले, तर माणसावर बोट ठेवण्याआधी माझ्यासारख्या अडगळीत एकदा हात घालून पाहा. आणि तुमच्या घरातले कोणी म्हातारे माणूस वस्तू भलत्याच जागी ठेवू लागले, तर हसू नका, रागावू नका. वस्तू मागाहून सापडतात. तोवर माणूस निघून गेलेले असते.