डी ड्राइव्हमधले बाद फोटो

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. एका फोटो स्टुडिओत, टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या पोटात माझं आयुष्य गेलं. कारखान्यातून आले तेव्हा माझ्या चकत्या आरशासारख्या लखलखत होत्या. स्टुडिओत माझे दोन भाग केले गेले. पहिल्यात, सी ड्राइव्हमध्ये, सिस्टिमच्या फायली राहिल्या. कॉम्प्युटर सुरू होतो तो त्यांच्याच जिवावर. दुसऱ्यात, डी ड्राइव्हमध्ये, फोटो राहू लागले.

माझे मालक फोटोग्राफर. हात सफाईदार, स्वभाव धांदरट. चांगले फोटो गिऱ्हाइकाला दिले की ते पुसून टाकत. बिघडलेले मात्र ‘बाद’ नावाच्या फोल्डरमध्ये ढकलून विसरून जात. अशी उफराटी तऱ्हा! हललेले, डोकं कापलेले, डोळे मिटलेले, सगळे तिथे गुण्यागोविंदाने नांदत होते.

त्यांत मालकीणबाईही होत्या. नवीन लाइट आला की मालक आधी त्यांनाच स्टुलावर बसवत. फ्लॅश उडाला रे उडाला की बाईंचे डोळे मिटत.

“अगं, एकदा तरी नीट बघ माझ्याकडे!” मालक वैतागत.

“तुमच्याकडे बघूनच मिटतात,” असं म्हणून त्या हसत, आणि तो हसरा फोटोही बाद होई. जन्मभर जगाचे फोटो काढणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या बायकोचा धड एक फोटो नव्हता. त्या गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो मिळेना, तेव्हा लेक खूप रडली. बाद फोटो दाखवायचा कसा, म्हणून मालक गप्प राहिले. पण दुपारी दुकान रिकामं असलं की ते ‘बाद’ उघडून एकटेच बघत बसायचे.

पुढे मीही थकले. सी ड्राइव्ह जागोजागी खराब झाला, कॉम्प्युटर मध्येच बंद पडू लागला. इतकी वर्षं राबले, तरी मला लोक ‘डबडं’ म्हणू लागले. तेव्हा लेक मदतीला आली. सिस्टिमच्या फायली डी ड्राइव्हमध्ये कॉपी करायच्या आणि कॉम्प्युटर तिकडूनच सुरू करायचा, असं तिने ठरवलं. पण जागा पुरेना. मालक त्या वेळी खुळखुळा वाजवत एका बाळाचा फोटो काढत होते.

“बाबा, ते बाद फोटो उडवू का?” तिने विचारलं.

“उडव, उडव! इकडे बघ रे राजा, इकडे, इकडे!”

आणि तिने फोल्डर उडवलं.

मित्रांनो, पुसलेली फाइल लगेच जात नाही. तिची जागा नुसती रिकामी समजली जाते. तिच्यावर नवीन काही लिहीपर्यंत ती तिथेच असते. म्हणजे बाई अजून माझ्याजवळ होत्या. मी घरघरले, पण माझी घरघर रोजचीच, तिच्याकडे कोण लक्ष देणार? कॉपी सुरू झाली. लिही म्हटलं की लिहायचं, एवढंच मला येतं. एरवी नको तेव्हा अडखळणारी मी, त्या दिवशी मेली एकदाही अडखळले नाही. बाईंवर एकेक फाइल लिहीत गेले.

बाळ गेल्यावर मालक खुर्चीत येऊन बसले. कॉम्प्युटर झटकन सुरू झाला म्हणून त्यांनी लेकीची पाठ थोपटली. मग डी ड्राइव्ह उघडला आणि शोधत राहिले.

“बाद कुठे गेलं गं?”

“तुम्हीच म्हणालात ना, उडव म्हणून?”

“तुझी आई होती त्यात,” मालक म्हणाले.

लेकीने हरतऱ्हेने शोधलं. तिने मागितलं ते सगळं मी काढून दिलं, पण हाती लागल्या त्या सिस्टिमच्याच फायली. “मला कधी दाखवलं का नाहीत, बाबा?” एवढंच ती विचारत राहिली.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण कुणाचं काही पुसण्याआधी ते एकदा उघडून बघा. आणि तुम्ही मनापासून जपलेलं, मग ते कितीही बिघडलेलं असो, आपल्या माणसाला वेळेवर दाखवा. मला ओरडता आलं नाही. तुम्हाला बोलता येतं.

आता कॉम्प्युटर कुरकुर करत नाही, गिऱ्हाइकं वाखाणतात. रोज सकाळी मालक बटण दाबतात आणि मी वाचायला लागते, ते नेमकं तिथूनच, जिथे बाई डोळे मिटून हसत होत्या.