खालचे दोन थर

थोरलीने कुकीज केल्या, की त्या गार होईपर्यंत ती राखणीला बसायची. मग त्या थाळीत सुट्या पसरून तासभर फ्रीजरमध्ये, आणि दगडासारख्या झाल्या की डब्यात थर लावून, मधे मधे बटर पेपर घालून पुन्हा आत. झाकणावर तारीख. "गरम भरल्या तर आत बर्फ धरतो आणि मग चवच जाते," असं ती धाकट्या जावेला समजावायची. या वेळचा डबा तिच्या मुलीसाठी होता. वसतिगृहातून ती पाच महिन्यांनी घरी येणार होती.

धाकटी पोस्टात काउंटरवर बसायची. सकाळची पाळी संपवून तीनला घरी यायची, तेव्हा थोरली शिवणाचा वर्ग घ्यायला गेलेली असायची, दोघे भाऊ कामावर, आणि सासरे, म्हणजे अण्णा, आतल्या खोलीत पडलेले. एका दुपारी तिच्या पोटात कावळे ओरडत होते आणि तिने डब्यातली एक कुकी काढली. ती दाताने फुटेना. गालात धरली तशी हळूहळू मऊ झाली, लोण्याचा वास तोंडभर पसरला. दुसऱ्या दिवशी तिने दोन काढल्या. उद्यापासून बंद, असं ती रोज ठरवायची. हात मात्र खालच्या थरांतच जायचा. वरचा थर तिने जसाच्या तसा ठेवला होता.

मुलगी यायच्या तीन आठवडे आधी थोरलीने डबा उघडला, तर वरच्या थराखाली तो रिकामा होता. नेमकी त्याच आठवड्यात अण्णांची साखर वाढलेली निघाली होती. शिवाय चष्मा कपाळावर ठेवून ते घरभर चष्मा शोधायचे.

"अण्णा, खरं सांगा. कुकीज तुम्ही खाल्ल्यात?"

अण्णांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "आठवत नाही गं. खाल्ल्या असतील."

"वरचा थर तसाच ठेवून खालच्या काढल्यात. एवढं बरं सुचतं. लहान मुलासारखं चोरून खायचं, या वयात?"

धाकटी भांडी पुसत उभी होती. तेव्हाच बोलायला हवं होतं. तिने कपबशी पुन्हा एकदा पुसली.

त्या दिवसापासून अण्णा एका छोट्या वहीत लिहू लागले. सकाळी एक कप दूध, बिनसाखरेचं. दुपारी अर्धी वाटी भात. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तरी हाक मारायचे, "मी फक्त पाणी घेतोय हं." ती हाक ऐकली की धाकटी ताट बाजूला सारायची. कुकीज तिने सोडल्या, पण तोंड काही उघडलं नाही. दिवस जातील तसं बोलणं आणखी अवघड होत गेलं.

डॉक्टरांकडे अण्णांना तीच घेऊन गेली, कारण दुपारी तीच मोकळी असायची. थोरलीने चिठ्ठी दिली होती: विसरणं वाढलंय, चोरून गोड खातात आणि आठवत नाही म्हणतात. डॉक्टरांनी ती वाचली, मग अण्णांची वही चाळली.

"यात गोड कुठेच नाही."

"लिहायचं राहत असेल," अण्णा हळूच म्हणाले. "खातो आणि विसरतो. डोक्याचं काही औषध असलं तर द्या."

डॉक्टर मोठ्या तपासणीचं नाव लिहायला लागले.

"त्यांनी नाही खाल्ल्या," धाकटी म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला, की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "मी खाल्ल्या. सगळ्या मीच."

डॉक्टरांनी तिच्याकडे न बघता लिहिलेली ओळ खोडली. तिला ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

बाहेर पायरीवर अण्णा थांबले. कठड्याला धरून उभे राहिले.

"म्हणजे माझं डोकं जागेवर आहे?"

"हो अण्णा."

"किती खाल्ल्यास?"

"मोजल्या नाहीत. तीसेक असतील."

"हं." त्यांनी खिशातली वही चाचपली. "मला रात्ररात्र झोप नव्हती गं. म्हटलं, उद्या नातीचं नाव विसरेन."

तिने हात धरून त्यांना पायरी उतरवली.

"घरी तूच सांग," ते म्हणाले. "मी सांगितलं तर त्यांना वाटेल, म्हातारा काहीतरी बरळतोय."

संध्याकाळी सगळे घरात असताना तिने सांगितलं. तिचा नवरा उठून गॅलरीत गेला. थोरली शिवायला घेतलेलं कापड मांडीवर घेऊन बसली होती.

"मागितल्या असत्यास तर ताटभर दिल्या असत्या," ती म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. "आणि मी अण्णांना काय काय बोलले. सगळ्यांदेखत."

कापड बाजूला ठेवून ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. आत दोघं काय बोलली ते धाकटीला ऐकू आलं नाही. ऐकायची आपली लायकी नाही, असं वाटून ती दारापासून लांब, ओट्यापाशी जाऊन उभी राहिली.