गुडघाभर साल्व्हिया

ताईने फोनवर आधी धाकट्या भावाची, अण्णांची, खुशाली विचारली, मग स्वतःच्या सांध्यांचं गाऱ्हाणं गायलं आणि ठेवता ठेवता म्हणाली, "अरे, तुझं ते बुटकं बाळ माझ्या छातीला लागलंय. खिडकी उघडत नाही. छाटू का?"

अण्णांच्या हातातला चिमटा टेबलावर पडला. छाटू नकोस, मी येतो, एवढंच ते कसंबसं म्हणाले.

बारा वर्षं ते एकाच ध्यासामागे होते. निळ्या फुलांचा साल्व्हिया दिसतो देखणा, पण कमरेच्या वर जातो आणि वारा सुटला की दारुड्यासारखा आडवा होतो. अण्णांना गुडघाभर उंचीचा, ताठ उभा राहणारा हवा होता. त्यासाठी कळी उमलायच्या आत तिच्यातले पुंकेसर चिमट्याने काढायचे, कुंचल्याने दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे आणि वर जाळीची टोपी घालायची, म्हणजे मधमाशी मध्ये लुडबुडत नाही. एवढा खटाटोप करून एका फुलात बिया धरणार फार तर चार. हजारो रोपं वाढवली, फेकली, तेव्हा कुठे सतरा नंबरचं रोप हाती लागलं. गडद निळं फूल, त्यामागची वाटी जवळजवळ काळी, आणि उंची हवी तेवढीच. जावई म्हणायचा, सासऱ्यांनी नातवंडांची उंची कधी मोजली नाही, याची मात्र दर आठवड्याला मोजतात.

नर्सरी आता मुलगी चालवत होती. नव्या वाणाच्या नोंदणीचा अर्ज तिने भरला होता, उंचीचा आकडा स्वतः पट्टी लावून लिहिला होता. गुरुवारी सहा बागवानांकडे सतरा नंबरच्या कटिंग्ज, लावायच्या काड्या, जायच्या होत्या. तोवर तिची ताकीद एकच: सतरा नंबरची काडीही फाटकाबाहेर जायची नाही. आणि अण्णांनी मागच्या हंगामात एक रोप रुमालात गुंडाळून ताईकडे नेलं होतं. आपल्या हातून काहीतरी बरं झालंय असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं होतं, ते कुणाला तरी दाखवायचं होतं.

ताईच्या अंगणात ते झाड खिडकीच्या गजांना टेकून उभं होतं. फूल तेच, काळी वाटी तीच. अण्णांनी खताचं विचारलं, सावलीचं विचारलं. "पाणी घातलं, दुसरं काही नाही," ताई म्हणाली. "झाड वाढलं तर तुझं तोंड का उतरलं?"

परत येऊन ते थेट कुंड्यांच्या ढिगाशी गेले. जाड, काळ्या प्लास्टिकच्या त्या कुंड्यांत पूर्वी लाल फुलांची रोपं असायची आणि ती बुटकी राहावीत म्हणून अण्णाच त्यांना औषध पाजायचे. तो धंदा बंद झाला. मुलगी नव्या कुंड्या आणू म्हणाली, तेव्हा चांगल्या वस्तू टाकवत नाहीत म्हणून अण्णांनी त्या साबणाने घासल्या आणि आपल्या लाडक्या रोपांसाठी राखल्या. सतरा नंबर ट्रेमधून उचलल्यापासून त्यांतच वाढलं. त्याची भावंडं साध्या पिशव्यांत. ते औषध प्लास्टिकमध्ये मुरतं, घासून जात नाही आणि पुढच्या रोपालाही बुटकं ठेवतं, हे अण्णांनी कधीच वाचलं होतं. कामगारांना बजावलंही होतं. फक्त स्वतःला सांगायचं राहिलं होतं.

गप्प बसता आलं असतं. पुढच्या वर्षी झाडं वाढली की मातीवर ढकलायचं. मातीला तोंड नसतं. हा विचार मनात आला, याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

मुलगी ओल्या कागदात कटिंग्ज गुंडाळत होती. अण्णांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, कुंड्यांपासून सुरुवात करून. तिने हात थांबवला.

"पण उंच वाढलं कुठे?"

"ताईकडे."

"आत्याकडे कसं गेलं?"

"मी नेलं."

तिने हातातली कटिंग बाजूला ठेवली. मग म्हणाली, "आणि नेलं नसतं, तर?"

"तर कळलं नसतं."

"म्हणजे तुमच्यावर रागवायचीही सोय ठेवली नाहीत." तिने कपाळ पुसलं. आवाज खाली आला. "अण्णा, आत्याच्या जमिनीचा फरक असेल का? एखाद्या वेळेस असतो ना?"

ते हो म्हणाले असते तर तिने मान्य केलं असतं. तिच्या डोळ्यांत तसं स्पष्ट दिसत होतं.

"नाही," अण्णा म्हणाले. "त्या जमिनीत काही विशेष नाही."

तिने फोन त्यांच्यापुढे सरकवला. सहाही जणांना तुम्हीच सांगा, म्हणाली, माझ्याच्याने होणार नाही.

पहिल्या बागवानाने वाटेच्या दोन्ही कडा साल्व्हियासाठी मोकळ्या ठेवल्या होत्या. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मोठ्याने हसला. "तुमचं हे नेहमीचंच हो अण्णा. स्वतःच्या कामात खोट काढल्याशिवाय तुम्हाला घास उतरत नाही. पाठवून द्या गुरुवारी."

"अहो, नाही," अण्णा म्हणाले. "खरंच चुकलंय. पुन्हा पहिल्यापासून सांगतो, ऐका."

मागे मुलगी एकेक ओला कागद उलगडत होती.